पॅलो ड्युरो म्हणजे उलटा गड: टेक्सासच्या कॅन्यनमध्ये तंबू ठोकण्याआधी

4 जुलै 2025 च्या पहाटे टेक्सासच्या हिल कंट्रीत ग्वादालुपे नदीला पूर आला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. नदीकाठच्या उन्हाळी शिबिरात झोपलेल्या लहान मुलीही त्यात होत्या. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत एक प्रश्न वारंवार निघतो: दरीत, नदीकाठी, जंगलात मुलांना घेऊन तंबूत राहावं तरी का? आणि राहायचंच असेल, तर नेमकं काय माहीत हवं?

माझं उत्तर आहे, जावं. नक्की जावं. पण 'पार्क' या शब्दावर जाऊ नये. पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झोपाळा, घसरगुंडी आणि कडेनं फेऱ्या मारणारे आजोबा येतात. स्टेट पार्कला फाटक असतं, तिकीट असतं, स्वच्छ संडास आणि गरम पाण्याच्या न्हाण्या असतात, त्यामुळे तो समज आणखी पक्का होतो. फाटकाच्या आत मात्र खरी दरी असते, खरा साप असतो आणि खरं ऊन असतं. तिथल्या पाट्यांवरचे नियम पाठ करायची गरज नाही. त्यांच्यामागचं कारण एकदा कळलं की नियम आपोआप पाळले जातात. उदाहरण म्हणून मी उत्तर टेक्सासमधली दोन ठिकाणं घेते: अ‍ॅमरिलोजवळचं पॅलो ड्युरो कॅन्यन आणि किटीक्वे गावाजवळचं कॅपरॉक कॅन्यन्स.

नॅशनल पार्क आणि स्टेट पार्क: रेल्वे आणि एसटी

नॅशनल पार्क केंद्र सरकारचं, स्टेट पार्क राज्य सरकारचं. रेल्वे आणि एसटीसारखंच. आणि रेल्वेचा पास दाखवून जसं एसटीत बसता येत नाही, तसा नॅशनल पार्कचा वार्षिक पास स्टेट पार्कच्या फाटकावर चालत नाही. ही गफलत दर सुट्टीत कुणाची ना कुणाची होते. टेक्सासच्या स्टेट पार्कांचा पास वेगळा, वर्षाला 70 डॉलर, आणि त्यात गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश येतो. तंबूच्या जागेचं भाडं मात्र त्यात येत नाही, ते निराळं भरावं लागतं.

'दोन महिने आधी बघितलं तरी जागा नाही' ही तक्रार खरी आहे. तिचं कारण टेक्सासच्या नकाशात आहे. या राज्यातली 95 टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी मालकीची आहे. आपल्याकडे रविवारी उठून समोरचा डोंगर चढता येतो. इथे समोरच्या टेकडीला तारेचं कुंपण असतं आणि आत पाऊल टाकणं गुन्हा ठरतो. म्हणजे कोट्यवधी लोकांना मोकळ्या आभाळाखाली जायला उरतात ती थोडी सार्वजनिक ठिकाणं. 1923 मध्ये राज्यानं पार्कांसाठी मंडळ नेमलं, आणि बरोबर शंभर वर्षांनी, 2023 मध्ये, नव्या पार्कांसाठी एक अब्ज डॉलरचा निधी मतदारांनी मंजूर केला. ती जमीन विकत घेऊन पार्क उघडेपर्यंत गर्दी राहणारच. तंबूच्या जागेचं आरक्षण पाच महिने आधी सुरू होतं. ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारची आणि मार्चमधल्या शाळेच्या सुट्टीची जागा हवी असेल, तर खिडकी उघडल्या दिवशीच बसावं. आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर बऱ्याचदा सहज मिळते. आणि एका जागेवर आठ माणसांची मर्यादा आहे, हे मोठ्या ग्रुपनं आधीच मोजून ठेवावं.

एवढ्या सपाट जमिनीत दरी आली कुठून?

डॅलसहून अ‍ॅमरिलोला गाडीनं सहा तासांच्या आसपास लागतात. शेवटचे दोन तास जमीन पाटासारखी सपाट असते. कापसाची शेतं, पवनचक्क्या, आभाळ. आणि मग एका वळणावर जमीन संपते. खाली तांबडी दरी, साधारण 120 मैल लांब, म्हणजे 190 किलोमीटर, आणि पार्कच्या भागात 800 फूट खोल. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या खालोखाल हिचा नंबर लावतात. भूगोलाच्या पुस्तकात अशा दरीला घळई म्हणायचे, ते इथे पाहावं.

ही दरी समजून घ्यायला घरासमोरचा मातीचा ढीग पुरतो. पहिल्या वळवाच्या सरीनंतर त्या ढिगाकडे वाकून बघा. जिथे वर खडा होता, तिथे त्या खड्याखाली बोटभर उंचीचा मातीचा खांब उभा राहिलेला असतो, आजूबाजूची माती वाहून गेलेली असते. खड्यानं छत्री धरली म्हणून खांब वाचला. पॅलो ड्युरोतला प्रसिद्ध 'लाइटहाऊस' सुळका 310 फूट उंच आहे, आणि त्याची गोष्ट अगदी हीच आहे. डोक्यावर कठीण वालुकाश्म, खाली मऊ माती-दगड. पठाराच्या कडेला कठीण थराची अशी टोपी असते, तिलाच 'कॅपरॉक' म्हणतात. लाल नदीच्या एका फाट्यानं ती टोपी फोडली आणि खालची मऊ माती खरवडत नेली.

सह्याद्रीतही थर असतातच. पण आपला कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा, पकडीला भक्कम. इथल्या तळाचा तांबडा थर 25 कोटी वर्षांच्या घरातला असला, तरी तो मुळात गाळाची माती. हातानं चुरा होतो. त्यात मधूनच पांढऱ्या चमकत्या रेघा दिसतात. ते जिप्सम, ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात. गणपतीच्या मूर्तींवरून दरवर्षी ज्या प्लास्टरचा वाद होतो, त्याचा कच्चा माल इथे भिंतीत गुंडाळी करून ठेवलेल्या रेशमी धाग्यासारखा दिसतो. मुलांना तो तुकडा खिशात टाकावासा वाटतो. टाकू देऊ नका, इथून दगडसुद्धा नेता येत नाही. आणि कड्याच्या टोकाशी उभं राहून फोटो काढू नका: पायाखालचा कडा म्हणजे टोपी आहे आणि तिच्याखालची माती कधीच निसटलेली असू शकते. पाऊस पडला की वाटा बंद करतात, त्यामागेही हीच माती. ओली झाली की बुटाच्या तळाला किलोभर चिकटते आणि पाय सरकतो.

'आम्ही गड चढलेले आहोत, सहा मैलांचं काय एवढं?'

हा आक्षेप मी स्वतः घेतला होता. राजगड, हरिश्चंद्रगड करून आलेल्या माणसाला लाइटहाऊसची वाट किरकोळ वाटते. जाऊन-येऊन सहा मैलांच्या आसपास, बहुतेक सपाट, फक्त शेवटी चढ. आम्ही जूनमध्ये सकाळी साडेनऊला निघालो, चार माणसांत चार छोट्या बाटल्या घेऊन. परतीच्या वाटेवर बाराच्या सुमारास माझ्या बहिणीला थंडी वाजायला लागली. अडतीस अंशांत अंगावर काटा आणि बोलताना अडखळणं, ही उष्माघाताची सुरुवात आहे हे आमच्यातल्या एकालाही तेव्हा कळलं नाही. समोरून येणाऱ्या एका जोडप्यानं आपलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं आणि तिला जुनिपरच्या तुटपुंज्या सावलीत बसवलं. ती बचावली. त्या पार्कात उन्हानं दगावलेल्यांपैकी बहुतेक माणसं आणि कुत्री याच वाटेवर गेली आहेत, हे वाटेच्या तोंडाशी लिहिलेलं असतं. आम्ही ते वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो.

चूक कुठे झाली? आम्ही कॅन्यनला गड समजलो. कॅन्यन हा उलटा गड आहे. गडावर गाव पायथ्याशी असतं आणि जितकं वर जावं तितका वारा लागतो. इथे गाव वर पठारावर, वारा वर, आणि आपण गाडीनं खाली उतरून कढईच्या तळाशी पोचतो. दोन्हीकडच्या भिंती सकाळपासून तापतात आणि ती धग आत फेकतात. वारा अडतो. गडावर खडकात खोदलेली टाकी असतात. इथल्या ओढ्याचं पाणी गाळानं आणि विरघळलेल्या जिप्समनं भरलेलं असतं. ट्रेकिंगचा फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेला क्षार अडवत नाही, त्यामुळे 'वाटेत भरून घेऊ' हा हिशोबच चुकीचा.

त्याहून फसवी गोष्ट हवेतली आहे. मुंबईत, कोकणात घाम आला की सदरा भिजतो आणि आपण आपोआप पाणी पितो. इथली हवा इतकी कोरडी की घाम निघतो तसाच उडून जातो. अंग कोरडं राहतं, आणि शरीर लिटरभर पाणी गमावून बसतं. सदऱ्यावर पांढरी मिठाची रेघ दिसली की समजावं, गेलं ते इथून गेलं. म्हणून उन्हात चालताना माणशी तासाला एक लिटर पाणी धरावं, आणि नुसतं पाणी नको: मीठही गेलेलं असतं. मीठ-साखर-लिंबाचं सरबत, आगळ घालून केलेलं कोकम, जे घरात असेल ते. उन्हाळ्यात उजाडताना निघून दहाच्या आत परत. निम्मं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, लाइटहाऊस दिसत असला तरी.

पाऊस नाही, मग पूर कसा?

सांदण दरी पावसाळ्यात का बंद ठेवतात, हे भंडारदऱ्याकडच्या कुणालाही विचारा. दरीत आपल्या डोक्यावर आभाळ निळं असतं आणि वरच्या डोंगरावर ढग रिकामा झालेला असतो. दरी म्हणजे नरसाळ्याची खालची नळी. वर कितीही रुंद भागात पाऊस पडो, सगळं पाणी त्या नळीतून जाणार.

टेक्सासमध्ये त्यात दोन गोष्टींची भर पडते. सारवलेल्या अंगणावर पाणी जसं न मुरता पळतं, तसं ते इथल्या उघड्या चिकणमातीवरून पळतं. हिल कंट्रीत माती पातळ आणि खाली चुनखडीचा दगड, तिथेही तेच. दुसरी गोष्ट म्हणजे, इथला पाऊस आपल्या मोसमी पावसासारखा चार महिने रिपरिपत नाही. तासा-दोन तासांत ओततो, तोही बरेचदा रात्री. रस्ता नदी ओलांडतो तिथे अनेक ठिकाणी पूल नसून फरशी असते, पाणी वरूनच जातं. वेगानं वाहणारं सहा इंच पाणी मोठ्या माणसाला पाडतं आणि फूटभर पाणी बहुतेक मोटारी उचलून नेतं. गाडी जड असते म्हणून ती टिकेल असं वाटतं. पण गाडी आतून पोकळ असते, आणि पोकळ वस्तू तरंगते.

तंबू लावताना आधी जमीन वाचा. झुडपांत अडकलेला पालापाचोळा कंबरेइतक्या उंचीवर दिसला, तर मागच्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. फोनला रेंज बऱ्याच जागी नसते, म्हणून सेलवर चालणारा हवामानाचा रेडिओ घ्या. तीसेक डॉलरला मिळतो आणि इशारा आला की झोपेतून उठवतो. रात्री निघायची वेळ आली तर कुठल्या बाजूनं चढायचं, हे दिवसा उजेडी मुलांसकट चालून बघा. नदीकाठची जागा मिळाली आणि पावसाचा अंदाज असला, तर भाड्याचे पैसे सोडून द्यावेत. मी सोडले आहेत.

बायसन म्हणजे गवा का?

कोल्हापूरकडच्या माणसाला दाजीपूरचं अभयारण्य 'बायसन सँक्च्युअरी' म्हणूनच माहीत असतं. ते बायसन म्हणजे आपला गवा, पण गवा आणि अमेरिकी बायसन हे नात्यातले असले तरी वेगळे प्राणी. बायसनच्या खांद्यावर केसाळ वशिंड, दाढी, आणि मागचा भाग त्या मानानं लहान. नर 900 किलोपर्यंत भरतो. जुनी मारुती 800 यापेक्षा हलकी होती.

कॅपरॉक कॅन्यन्समध्ये बायसनचा कळप मोकळा हिंडतो आणि कॅम्पच्या आवारातूनही जातो. पहाटे तंबूची चेन अर्धी उघडली तर वीस पावलांवर एक नर उभा होता. नाकातून वाफ, वशिंडाच्या केसांत गवताच्या काड्या आणि दव. गवत उपटल्याचा चर्र चर्र आवाज येत होता. आम्ही चेन लावली आणि तो जाईपर्यंत तासभर आत बसून राहिलो. चहा झाला नाही, बाकी काहीच बिघडलं नाही.

'गाय-बैलात वाढलो, इतका शांत तर दिसतो' असं बाबा म्हणाले होते. दिसतो शांत, पण माणसाच्या कितीतरी पट वेगानं, तासाला 50 किलोमीटरच्या वर पळतो आणि जागच्या जागी वळतो. शेपटी बघत राहा: लोंबती असली तर ठीक, उभी झाली तर तो रागावला आहे. किमान 50 यार्ड, म्हणजे अर्ध्या फुटबॉल मैदानाइतकं अंतर हवं. मोजायची सोपी रीत: हात ताठ करून अंगठा वर धरा आणि एक डोळा मिटा. अंगठ्यानं पूर्ण प्राणी झाकला गेला तर तुम्ही पुरेसे लांब आहात.

या कळपाकडे पाहताना त्याचा इतिहास माहीत असावा. हे मैदान आणि या दऱ्या कोमँची, कायोवा, शायान या इथल्या मूळ रहिवाशांच्या. हिवाळ्यात ते पॅलो ड्युरोच्या आडोशाला राहत. 28 सप्टेंबर 1874 ला अमेरिकी सैन्यातल्या कर्नल मॅकेन्झीच्या फौजेनं इथल्या वस्त्यांवर हल्ला केला, तंबू आणि हिवाळ्याचं धान्य जाळलं आणि पकडलेले हजारावर घोडे गोळ्या घालून मारले. घोडे नाहीत, म्हणजे शिकार नाही. त्याच वर्षांत कातड्यांसाठी बायसनची कत्तल चालू होती. एके काळी कोट्यवधी असलेला प्राणी 1880 च्या दशकाअखेर हजाराच्या आत आला. चार्ल्स गुडनाइट यानं 1876 मध्ये याच दरीत गुरं आणली. त्याची बायको मेरी अ‍ॅन हिनं आग्रह धरला म्हणून 1878 मध्ये काही अनाथ पाडसं पाळली गेली. त्या पाडसांचा वंश 1997 मध्ये राज्याला देण्यात आला, आणि 2011 पासून तो कॅपरॉकच्या गवतात मोकळा आहे. तंबूसमोर उभा असतो तो हा.

सापांचं थोडक्यात. इथला रॅटलस्नेक शेपटीनं खुळखुळा वाजवून बजावतो, जसं रत्नागिरीकडे फुरसं खवले घासून बजावतं. आवाज आला की थांबा, तो कुठे आहे ते बघा, मग मागे सरा. सँडल नको, बूट घाला, आणि न दिसणाऱ्या खाचेत हात घालू नका. रॅकून हा मांजराएवढा प्राणी मात्र न बजावता खाऊचा डबा उघडतो. रात्री सगळं खाणं गाडीत ठेवा, टूथपेस्टसकट.

शेकोटी नाही, मग कॅम्पिंग कसलं?

फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस अ‍ॅमरिलोच्या ईशान्येला लागलेल्या वणव्यात दहा लाख एकरांहून जास्त भाग जळला. टेक्सासच्या नोंदींतला हा सर्वांत मोठा वणवा. हिवाळ्यातलं वाळलेलं गवत, कोरडी हवा आणि दिवसभर न थांबणारा वारा, एवढं जमलं की एक ठिणगी पुरते. म्हणून कोरड्या दिवसांत काउंटी आगबंदी लावते. तेव्हा लाकूड नाही, कोळसा नाही. गॅसची शेगडी सहसा चालते, निघण्याच्या दिवशी पार्कला फोन करून खात्री करा. बंदी नसली तरी पडलेलं लाकूड गोळा करता येत नाही: ते सरड्यांचं, किड्यांचं घर आणि पुढच्या गवताचं खत असतं. सरपण विकत घ्या.

आम्ही घरूनच फोडणी करून नेतो. पिठलं गॅसवर, भाकऱ्या फडक्यात, सोबत ठेचा. दारू उघड्यावर पिण्यास सगळ्या स्टेट पार्कांत मनाई आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते. गाण्याच्या भेंड्या दहाच्या आत उरका.

आई-बाबांना न्यावं का?

इथे आपलं एक खास दुखणं आहे. आई-बाबा येतात ते नातवंडांच्या सुट्टीत, म्हणजे नेमके जून-जुलैत, जेव्हा दरीचा तळ शंभर अंश फॅरनहाइटच्या वर असतो. जमलं तर त्यांचं येणं सप्टेंबरवर ढकला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांना दरी दाखवा. गुडघे दुखत असतील तरी अडत नाही. पॅलो ड्युरोत डांबरी रस्ता थेट तळापर्यंत उतरतो, आणि 1930 च्या मंदीत बेकार तरुणांच्या तुकड्यांनी दरीच्या काठावर बांधलेल्या दगडी खोल्या आजही भाड्यानं मिळतात. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना आधी विचारावं. काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं आणि इथल्या कोरड्या हवेत ते लवकर जाणवतं.

तंबूसाठी लांब मेखा घ्या, या भागातला वारा छोट्या मेखा उपटतो. तिरक्या ठोकून वर दगड ठेवा, आणि निघताना तो दगड होता तिथे परत ठेवा. रात्री भिंती थंड व्हायला बराच वेळ लागतो, त्यामुळे दहापर्यंत उकडतं आणि पहाटे अंगावर गोधडी लागते. दूरवर कोयोटी, म्हणजे इथले कोल्हे, ओरडतात, त्यांना घाबरू नये. ऊन आधी वरच्या टोपीला लागतं, मग पिवळा थर, मग तांबडा, असं पायरी पायरीनं खाली येतं. ते तंबूला पोचायच्या आत बूट बांधून, बाटल्या भरून वाटेला लागलेलं असावं.